पाखंडी कोणाला म्हणावे? : निंदा आणि तिच्या गोतावळ्यातले शब्द



हा लेख एका शब्दाबद्दल आहे, आणि तो शब्द माझ्याच तोंडून गेलेला आहे. म्हणून आधी घडलं ते सांगतो.

आमचं गाव अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना. २०२३ पासून हे नाव सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे, त्याबद्दल मला इथं काही लिहायचं नाही. एवढंच, की पारावर बोललेला शब्द किती लांब जातो हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी मला शहाणपण आलं नाही.

मार्गशीर्षात आमच्याकडे श्रीगुरुचरित्राचा सप्ताह असतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून पोथी वाचायचं आणि वर्गणीची वही सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी कोजागिरीच्या सुमारास बैठक बसली. पावसानं त्या साली रानं धुऊन नेली होती. सोयाबीन उभ्याउभी कुजलं, कापसाची बोंडं काळी पडली. तरी सप्ताह मोडायचा नाही, असं वडीलधाऱ्यांचं ठरलं होतं. मी वही उघडून एकेक नाव वाचत होतो. माझ्या धाकट्या भावाच्या मुलाचं नाव आलं तसा तो म्हणाला,

"नाना, सोयाबीन तर देवानंच नेलं. आता वर्गणी कशाची देऊ? दत्त सोता झोळी घिऊन हिंडतो. आवंदा आमीबी झोळीच धरतो. त्यालाच म्हणा, तुह्या झोळीतली मूठभर आमाला टाक."

दोघं-तिघं हसले. एका म्हाताऱ्यानं कानांवर हात ठेवले. माझं डोकं फिरलं. पुतण्या माझा, आणि चारचौघांत दत्तप्रभूंची थट्टा! मी म्हणालो, "पाखंडी आहेस तू. उतर पारावरून खाली."

तो उतरला. चपला पायात घातल्या आणि गेला. उलटून एक शब्द बोलला नाही. जयंतीच्या पालखीचा पुढचा दांडा सात-आठ वर्षं त्याच्या खांद्यावर असायचा. त्या साली तिथं दुसरा मुलगा होता, आणि त्याची उंची कमी असल्यानं पालखी सगळ्या वाटेनं पुढं झुकत होती. ती झुकलेली पालखी मला पुढं पुष्कळ दिवस दिसत राहिली.

मग मी पुस्तकं काढून बसलो. मास्तराची खोड, चूक झाली की शब्दाचा अर्थ आधी बघायचा.

पाखंड हा मूळचा पाषंड. जुने पंडित त्याचा विग्रह असा करतात, की 'पा' म्हणजे पालन करणारा वेदधर्म आणि त्याचं खंडन करतो तो पाखंड. ऐकायला हे छान बसतं. पण हा शब्द त्याहून जुना आहे आणि मुळात त्यात शिवी नव्हतीच. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' हा शब्द येतो, आणि त्याचा अर्थ नुसता पंथ, संप्रदाय असा आहे. ब्राह्मणांचा, बौद्धांचा, जैनांचा, आजीविकांचा, कोणाचाही. त्याचा बारावा शिलालेख याच विषयावर आहे. त्यात राजा सांगतो, की स्वतःच्या पंथाची थोरवी गाण्यासाठी जो दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो. म्हणून वाणीचा संयम पाळावा. आपल्या महाराष्ट्रातही सोपाऱ्याला अशोकाच्या लेखांचे तुकडे सापडले आहेत, मात्र ते आठव्या आणि नवव्या लेखाचे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी जो शब्द सगळ्यांना सारखा लागू होता, तो झिजत झिजत फक्त 'दुसऱ्या'ला लावायचा शब्द झाला. मी पुतण्याला दुसरा करून टाकलं, ते याच शब्दानं.

'नास्तिक' शब्दाचं असंच आहे. आज देव न मानणारा तो नास्तिक, असं आपण धरून चालतो. पाणिनीच्या सूत्रावरून परलोक नाही असं मानणारा तो नास्तिक ठरतो. मनुस्मृतीत मात्र वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. म्हणजे या हिशेबानं देव मानूनही माणूस नास्तिक ठरू शकतो, आणि देव न मानणारे मीमांसक वेद मानतात म्हणून आस्तिक! शब्द एकच, कुंपण मात्र प्रत्येकानं आपापल्या सोयीनं घातलेलं.

आता निंदा. हिच्याशी आपला रोजचा संबंध. निंदा म्हणजे दोष काढून माणसाला किंवा देवाला हलकं करणं. मराठीत याला फार सुरेख बोली आहे, 'नावं ठेवणं'. ज्याची सहस्र नामं आपण जपतो त्याला आपणच 'नावं ठेवतो'. उपहास म्हणजे हसून हलकं करणं. अवहेलना म्हणजे दुर्लक्षानं हलकं करणं, आणि माझ्या मते तीत पाप जास्त, कारण उपहास करणारा निदान देवाकडे बघत तरी असतो. द्रोह हा शब्द निराळा. 'द्रुह्' या धातूत अपकार करण्याची इच्छा आहे, म्हणून नुसत्या तोंडाच्या वाफेला द्रोह म्हणता येत नाही. गुरुद्रोह म्हणजे गुरूचा घात चिंतणं.

विटंबनेची गंमत आहे. संस्कृत 'विडंबन' म्हणजे नक्कल, सोंग. त्यातूनच मराठीत दोन शब्द आले. विडंबन म्हटलं की आपल्याला केशवकुमारांची 'झेंडूची फुले' आठवतात आणि हसू येतं. विटंबना म्हटलं की पेपरातली बातमी आठवते आणि गावात पोलिसांची गाडी येते. एकाच आईच्या दोन लेकी, एक हसरी आणि एक भडकलेली.

सगळ्यांत जास्त मला थांबवलं ते 'अपराध' या शब्दानं. पद्मपुराणात नामाचे दहा अपराध सांगितले आहेत आणि त्यांत पहिला आहे संतांची निंदा. हे लक्षात घ्या, यादीत सगळ्यांत वर देवाची निंदा नाही, संतांची आहे. पण शब्द पाहा. अपराध आणि आराधना, दोन्ही एकाच 'राध्' धातूचे. राध् म्हणजे साधणं, प्रसन्न करणं. 'आ' लावला की आराधना, 'अप' लावला की अपराध, म्हणजे नेम चुकणं. बाण त्याच लक्ष्याकडे सोडलेला असतो, तो फक्त बाजूला जातो. पुतण्याचा बाणही दत्तात्रेयांच्याच दिशेनं सुटला होता. तो दुसऱ्या कोणाशी बोलतच नव्हता.

परदेशातल्या 'ब्लास्फेमी' या शब्दाचीही थोडी ओळख हवी, कारण आजकाल मोबाइलवर पोरं तोच शब्द वाचतात. हा ग्रीक शब्द. त्याच्या उत्तरार्धात 'बोलणं' आहे, म्हणजे हा तोंडानं होणारा गुन्हा. मराठी बायबलात त्याला 'दुर्भाषण' असा नेमका शब्द योजला आहे. ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्रात त्याला दगडमाराची शिक्षा होती. आणि पुढं येशूवर महायाजकासमोर आरोप ठेवला गेला तो याच दुर्भाषणाचा. ज्यांना कोट्यवधी लोक देव मानतात तेच देवनिंदेचे आरोपी होते, हे विसरून चालत नाही. ग्रीसमध्ये सॉक्रेटिसाला इ.स.पू. ३९९ मध्ये विषाचा प्याला दिला, त्या खटल्यातही नगराचे देव न मानण्याचा आरोप होता. इंग्लंडमधला ईश्वरनिंदेचा जुना गुन्हा तर २००८ साली रद्द झाला.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? बैठकीनंतर एकानं मला विचारलं होतं, "नाना, यावर केस व्हती का?" तेव्हा मी उत्तर दिलं नाही, आता देतो. आपल्या कायद्यात ईश्वरनिंदा नावाचा गुन्हाच नाही. १९२७ साली इंग्रज सरकारनं दंड संहितेत २९५ क हे कलम घातलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९९ व्या कलमात आहे. त्यात नागरिकांच्या एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं दुखावण्याच्या इराद्यानं त्यांच्या धर्माचा किंवा श्रद्धेचा अपमान करणं, हा गुन्हा सांगितला आहे. कायदा देवाचं रक्षण करायला निघालेला नाही. त्याला माणसांच्या भावनांची आणि गावाच्या शांततेची काळजी आहे. आणि हेतू दुष्ट असावा लागतो. कुजल्या सोयाबीनजवळ उभं राहून आलेला हुंदका त्यात बसत नाही. हुंदका मी मुद्दाम म्हणतो, कारण तो त्या दिवशी हसून बोलला असला तरी आवाज तसा नव्हता. हे मला तेव्हाच ऐकू यायला हवं होतं.

आमच्या गोदाकाठाला या बाबतीत मोठा वारसा आहे. वरच्या अंगाला पैठण, खालच्या अंगाला गंगाखेड. गंगाखेडची जनाबाई विठोबाला सरळ शिव्या घालते. ते आपण भक्तीचे अभंग म्हणून टाळ वाजवत गातो. तिला पाखंडी म्हणायची कोणाची छाती आहे? पैठणच्या एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' ज्यांनी वाचला नसेल त्यांनी जरूर वाचावा. त्यात हिंदू आणि तुर्क एकमेकांच्या उपासनेला यथेच्छ नावं ठेवतात. मूर्तीपुढं वाकण्यावरून, पश्चिमेकडे तोंड करण्यावरून, सोवळ्या-ओवळ्यावरून. आजच्या भाषेत दोघांवरही गुन्हा दाखल झाला असता. शेवट मात्र एकमेकांना आलिंगन देऊन होतो. आणि हे लिहिणारे कोण? आपण रोज दत्ताची आरती म्हणतो ती ज्यांची, तेच नाथमहाराज. नदीवरून स्नान करून येताना एक जण त्यांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते तितक्याच वेळा स्नानाला परत गेले, ही कथा तर लहान पोरालाही ठाऊक आहे. फक्त ती आपण कीर्तनात ऐकतो आणि बैठकीत विसरतो.

तुकाराम महाराजांचं उदाहरण उलट बाजूचं. अधिकार नसताना अभंगांतून वेदार्थ बोलतो, हा त्यांच्यावरचा ठपका, आणि त्यापायी वह्या इंद्रायणीत गेल्या. शिऊरच्या संत बहिणाबाई त्याच काळातल्या. त्यांनी आपल्या अभंगांत या प्रसंगाचा उल्लेख केला आहे. विरोध करणारे रामेश्वरभट पुढं तुकोबांचे भक्त झाले, आणि तुकोबांची जी आरती आज घरोघर म्हटली जाते ती त्यांच्याच नावाची आहे. निंदा करणाऱ्याच्या तोंडची आरती आपण गातो. आपल्या परंपरेत निंदकाचं हे स्थान आहे. शिशुपालानं शंभरावर अपराध केले, भर राजसूय यज्ञात कृष्णाला वाट्टेल ते बोलला, आणि भागवत सांगतं की त्याचं तेज शेवटी कृष्णातच मिसळलं. याला वैरभक्ती म्हणतात. कोणी म्हणेल, म्हणून काय शिव्या द्यायच्या? तसं नाही. पण शिवी देणाऱ्यालाही दार बंद नाही, एवढं त्यातून कळतं.

आता आपल्या दत्त संप्रदायाकडे येतो, कारण खरं उत्तर मला तिथं मिळालं आणि तेही माझ्याच रोजच्या पोथीत. श्रीगुरुचरित्राचा २४ वा अध्याय आपण सगळे जाणता. सात दिवसांच्या पारायणात तो तिसऱ्या दिवशी येतो. कुमशी गावचे त्रिविक्रमभारती हे मोठे विद्वान, नृसिंहाचे उपासक, मानसपूजा करणारे. गाणगापूरला श्रीनृसिंहसरस्वती पालखीत बसतात, वाद्यं वाजतात, राजा पाठीमागं चालतो, हे ऐकून ते म्हणू लागले की संन्याशाला हा थाट कशाला, हा दांभिक आहे. ही गुरुनिंदाच, आणि एकदा केलेली नव्हे, नित्य चाललेली.

श्रीगुरूंनी काय केलं? शाप दिला नाही. राजाला सांगून शिपाई पाठवले नाहीत. ते स्वतः उठले आणि कुमशीला गेले. बरं, थाट बाजूला ठेवून गेले असंही नाही. तीच पालखी, तेच सैन्य. त्या दिवशी त्रिविक्रमभारतींच्या मानसपूजेत नृसिंहमूर्ती काही केल्या स्थिर होईना. ज्याची निंदा करत होते तोच नदीकाठी येताना दिसला. धावत गेले तर सगळं सैन्य दंडधारी संन्याशांचं झालेलं, यांत गुरू कोण हेच ओळखेना. मग श्रीगुरू त्यांना विचारतात, तू आम्हांला दांभिक म्हणतोस, तर दांभिक म्हणजे काय ते सांग.

वाचकहो, हा अध्याय मी किती वेळा वाचला असेल, पण या ठिकाणी कधी थांबलो नव्हतो. गुरू निंदकाला शिक्षा करत नाहीत, त्याच्या शब्दाचा अर्थ विचारतात. आणि मी तर निंदकाच्या जागी नव्हतोच, मी स्वतःला गुरूच्या बाजूचा समजत होतो. तरी 'पाखंडी म्हणजे काय' हा प्रश्न मलाच लागू झाला.

पुढचे अध्यायही त्याच नजरेनं वाचून बघा. दोन वेदपंडित येतात, मुखोद्गत वेद, जयपत्र मागत हिंडणारे. त्यांनी देवाची निंदा केलेली नाही. तोंडात सगळं पवित्रच. पण त्यांच्या अहंकारापुढं श्रीगुरू एका पतिताला सात रेषा ओलांडायला लावून त्याच्या तोंडून वेद वदवतात, आणि ते पंडित ब्रह्मराक्षस होतात. निंदा करणाऱ्याला विश्वरूपदर्शन आणि वेद म्हणणाऱ्याला राक्षसयोनी, हे लागोपाठच्या अध्यायांत ठेवलं आहे. सरस्वती गंगाधरांनी ते उगाच ठेवलं असेल असं मला वाटत नाही.

आणि खुद्द दत्तप्रभू? मार्कंडेय पुराणात त्यांच्यामागं मुनिकुमार लागले, तेव्हा त्यांनी सोडून जावं म्हणून दत्तात्रेयांनी मद्य आणि स्त्री जवळ घेऊन दाखवली. लोकांनी निंदा करावी हीच त्यांची इच्छा. नाथांना देवगिरीवर दत्तदर्शन झालं ते मलंगाच्या वेशात, आणि नाथांनीही प्रथम ओळखलं नाही, अशी कथा आहे. अवधूत म्हणतात तो हाच. मानअपमान झटकून टाकलेला. आपण मात्र त्याच्या वतीनं अपमान उचलून घेतो.

मग पुतण्याचं वाक्य परत ऐकलं. दत्त झोळी घेऊन हिंडतो. खरंच हिंडतो, काशीला स्नान, कोल्हापुरी भिक्षा, माहूरला निद्रा, हे आपणच सांगतो. आवंदा आम्हीही झोळी धरतो. ज्याचं पीक गेलं तो आणि ज्याच्या काखेला झोळी आहे तो, यांना त्यानं एका ओळीत बसवलं होतं. तुझ्यातलं मूठभर दे, हे मागणं तर नुसतं गाऱ्हाणं आहे. गाऱ्हाण्याला निंदा म्हणणारा मी, सदतीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस!

तरीही सगळं त्याच्याच पदरात घालत नाही. चारचौघांत, म्हाताऱ्या माणसांपुढं बोलण्याची रीत असते. ज्यांनी कानांवर हात ठेवले त्यांच्या मनाला लागलं, तेही खोटं नव्हतं. रीत चुकली असं मी म्हणालो असतो तर ते बरोबर होतं. मी म्हणालो पाखंडी. रीत सुधारता येते. पाखंडी म्हटल्यावर माणसानं काय सुधारायचं?

यंदा पितृपंधरवडा संपल्यावर मी त्याच्या रानात गेलो. तो मोसंबीच्या आळ्यातलं तण काढत होता. मला बघून उभा राहिला, पण जवळ आला नाही.

"कशाला आलात नाना? वर्गणी का?"

"वही घरी ठेवून आलोय," मी म्हणालो. "तुला मी पाखंडी म्हणालो होतो. तो शब्द चुकला. परत घेतो."

तो खुरपं हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "परत घिऊन काय करता आता. आक्ख्या गावानं ऐकला. पोरं आजूनबी त्याच नावानं हाका मारायलेत."

हे मला माहीत नव्हतं. वर्षभर मी पुस्तकात शब्दाचा अर्थ शोधत होतो आणि तो शब्द इकडे त्याचं नाव होऊन बसला होता. मी विचारलं, पारावर सगळ्यांसमोर बोललो तर चालेल का? त्यावर तो काही बोलला नाही. त्यानं चुलीवरचा चहा दिला, बिनदुधाचा. निघताना एवढंच म्हणाला, "यंदा पालखी कोण धरणार हाय?"

"ठरायचंय अजून," मी म्हणालो.

श्रीगुरूंचं कुमशीला एकदा जाऊन काम झालं. माझा अधिकार तेवढा नाही, मला आणखी एक-दोन खेपा कराव्या लागतील. वर्गणीची बैठक येत्या पौर्णिमेला आहे. वही उघडायच्या आधी मी उभं राहून बोलणार आहे, आणि २४ वा अध्याय तिसऱ्या दिवशी येतो तेव्हा, वाचणारा मीच असल्यानं, त्या प्रश्नापाशी थोडा वेळ थांबणार आहे.